हूंकाकांचा दुसरा स्क्रू

हूंकाकांना बोलता येत नव्हतं असं मुळीच नाही. त्यांचं तोंड रिकामं नसायचं, एवढंच. चाळीस वर्षं ते सोफ्यांना आणि खुर्च्यांना कापड चढवत आले होते, आणि ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांना ठाऊक असेल की याला दोन हात पुरत नाहीत. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळा कोण देणार? खिळा तोंड देतं. पंधरा-वीस बारीक खिळे एकदम गालात टाकायचे, जिभेने एकेक सुटा करायचा, डोकं बाहेर येईल असा फिरवून पुढच्या दातांत आणायचा, आणि चुंबकाच्या हातोडीने ओठांवरून उचलून थेट लाकडात. ठक, ठक. की पुढचा. काका मिनिटाला वीस खिळे मारायचे, एका ओळीत, आणि एकही वाकडा नाही.

आता तोंडात वीस खिळे घेतलेला माणूस गिऱ्हाइकाशी काय कपाळ बोलणार? ‘हूं’ म्हणजे हो, ‘हूंहूं’ म्हणजे नाही, आणि लांबवलेला ‘हूंऽऽ’ म्हणजे दोन दिवसांनी या. बाकीचं सगळं काकू बोलायच्या. काकू म्हणजे त्यांची बायको. दुकानाच्या दाराशी शिलाई मशीन टाकून त्या खोळी शिवायच्या आणि दोघांच्या वाटचं एकट्या बोलायच्या. बाजारातले लोक म्हणायचे, देवाने या जोडप्याला शब्द वाटले तेव्हा काका नेमके खिळे आणायला गेले असणार. काका ऐकून हसायचे. त्यांना ते सोयीचंच होतं. कुणी भांडायला आलं, कुणी नको ते विचारायला लागलं, की हात आपोआप खिळ्यांच्या डब्यात जायचा आणि मूठ तोंडात रिकामी व्हायची. मग बोला किती बोलायचं ते!

पण लोखंडाला रोज दातात धरलं की दात किती दिवस टिकणार? वरच्या पुढच्या दाताला आधी बारीक खाच पडली, मग चीर गेली, आणि एक दिवस कामाच्या ऐन घाईत तो निम्मा तुटून हातोडीवर आला. उरलेला निम्मा दवाखान्यात काढावा लागला. तिथे खिंड पडली आणि काकांचं कामच अडलं. जीभ खिळा पुढे ढकलायची आणि तो धरायला कुणी नाही. एकदा एक खिळा घशाकडे गेला तेव्हा काकू इतक्या ओरडल्या की शेजारचा घड्याळवाला धावत आला.

म्हणून काकांना दात हवा होता. खायला नव्हे, हसायला नव्हे, खिळे धरायला. आणि हीच गोष्ट त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितली नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तीन खोल्यांच्या त्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करायच्या. अर्जावर ‘व्यवसाय’ अशी रेघ होती, तिथे काकूंनी ‘फर्निचर’ लिहिलं. बाईंना वाटलं, दुकान असेल, गल्ल्यावर बसत असतील. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं: जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा छोटा स्क्रू बसवायचा, हाड त्याला चहूबाजूंनी घट्ट धरेपर्यंत तीन-चार महिने कळ काढायची, मग त्यावर दात. तोवर त्या जागेवर जोर नको, कडक काही नको, बोटसुद्धा लावायचं नाही. काका म्हणाले, ‘हूं.’

ही झाली पहिल्या स्क्रूची गोष्ट, गेल्या वर्षीची. दुसऱ्या आठवड्यात काका खिळे घेऊन कामाला लागले; खिंडीतल्या स्क्रूच्या डोक्याला टेकवून खिळा आता धरता येत होता. काकूंनी कटकट केली, तर त्यांनी डावा गाल दाखवला, म्हणजे खिळे इकडे आहेत, तिकडे नाहीत. सातव्या आठवड्यात स्क्रू हलायला लागला आणि आठव्यात बाईंनी तो दोन बोटांनी सहज काढला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तंबाखू खाता का? नाही. सिगारेट? नाही. साखर? तपासली, नाही. झोपेत दात खाता? नाही. मग काही कडक चावलं का काका, नीट आठवा.

‘हूंहूं,’ काका म्हणाले.

बाईंनी हातमोजे काढले, खिडकीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, ‘मग माझंच चुकलं असणार. भोक पाडताना हाड तापवलं असेन मी.’

इथे काकांचा असा राग येतो म्हणून सांगू! त्या दिवशी तोंडात एकही खिळा नव्हता. तोंड मोकळं होतं, समोर एक पोर स्वतःवर आळ घेत होती, आणि हा माणूस मूग गिळून बसला. बाहेर आल्यावर काकू जिन्यातच थांबल्या. ‘अहो, सांगा ना तिला! मी सांगू का?’ काकांनी त्यांचा दंड धरला आणि खाली नेलं. त्यांना लाज वाटली होती, एवढं साधं कारण होतं. बाई रागावतील, म्हणतील एवढं सांगूनही ऐकलं नाहीत. नंतर सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पण अशी गोष्ट पहिल्या मिनिटाला सांगितली नाही की रोज ती बोटभर वाढते. महिन्याने ती काकांच्या उंचीची झाली, सहा महिन्यांनी दारातून आत येईना.

हिरडी भरून यायला पाच महिने दिल्यावर बाईंनी तिथे हाडाची भुकटी भरली, आणखी सहा महिने जागा भरू दिली आणि दुसरा स्क्रू बसवला. शस्त्रक्रियेनंतर काकांच्या तोंडात कापसाचा बोळा होता, ओठ बधिर होऊन लोंबत होता. बाई खुर्ची जवळ ओढून बसल्या. ‘काका, या वेळी काळजी घ्यायला हवी हं. हाड आता एवढंच उरलंय. हा निघाला तर तिसऱ्याला जागा नाही.’

आणि बाहेर, औषधांची यादी देता देता, टेबलावरच्या मुलीने काकूंच्या कानाशी लागून सांगितलं, ‘मोठे डॉक्टर मॅडमवर नाराज आहेत. गेल्या वेळचा तुमचा स्क्रू निघाला ना, तेव्हापासून. ही केसही बिघडली तर स्क्रूचं काम मॅडमकडून काढून घेणार म्हणालेत.’

काकूंनी यादी तशीच पिशवीत कोंबली. घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि काकू गप्प म्हणजे वादळच समजा. दार लावल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. काका बर्फाची पिशवी गालावर धरून ऐकत राहिले. मग पाटी ओढली. हो, घरात पाटी आणली होती, कारण पहिले दोन दिवस बोलू नका असं सांगितलं होतं. तसं काकांना ते पथ्य जड नव्हतंच. पाटीवर त्यांनी लिहिलं: ‘खिळ्याला हात लावणार नाही. शपथ.’

‘आणि गेल्या वेळचं?’

काकांनी पाटी पुसली आणि पुन्हा काही लिहिलं नाही.

त्यानंतरचे दिवस दोघांनी जीव मुठीत धरून काढले. दुसऱ्या दिवशी चेहरा असा सुजला की वरचा ओठ नाकाला टेकायला आला आणि उजवा डोळा बारीक झाला. काकूंना वाटलं गेलं सगळं. त्यांनी दवाखान्यात फोन केला, तर बाईंनी शांतपणे सांगितलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज वाढतेच, बर्फ चालू ठेवा, डोकं उंच ठेवून झोपवा, थुंकायचं नाही, स्ट्रॉ लावून ओढून प्यायचं नाही, तोंडातलं पाणी हलकेच सोडून द्यायचं. काकूंनी तीन उशा रचल्या. काका त्यांच्यावर टेकून बसल्या बसल्या झोपायचे आणि काकू मधूनमधून उशीवर रक्ताचा डाग आहे का ते बघायच्या. चौथ्या दिवशी गालावर जांभळं आलं, पाचव्या दिवशी ते पिवळं पडून हनुवटीकडे उतरलं. पातळ भात, कोमट सूप, कुस्करलेलं केळं, आणि प्रत्येक घासानंतर मिठाचं कोमट पाणी. पाणी तोंडात नुसतं ठेवायचं, खळखळ नाही. काका बेसिनवर वाकून तोंड उघडायचे आणि ते आपोआप सांडू द्यायचे. काकू पाठीमागे उभ्या राहून त्या पाण्याचा रंग तपासायच्या.

‘गुलाबी आहे की हो!’

‘उजेड तसा पडलाय,’ काका म्हणायचे, ओठ न हलवता.

दुकानातला खिळ्यांचा डबा काकूंनी मशीनच्या खणात टाकला, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. दहाव्या दिवशी टाके काढायला गेले तेव्हा दोघांची पाचावर धारण बसली होती. बाईंनी दिवा ओढला, आरसा घातला, बराच वेळ पाहिलं. काकांना त्यांचा श्वास चष्म्यावर जमताना दिसत होता. मग बाईंनी मास्क खाली ओढला, आणि काय हसल्या म्हणता! ‘काका, सुरेख! हिरडी गुलाबी, सूज नाही, टोपी जिथल्या तिथे. असंच जपा. तुमच्यामुळे मला पुन्हा हिंमत आली बघा.’

स्क्रूच्या डोक्यावर धातूची बारीक टोपी होती, हिरडी भरून येईपर्यंतची; तिलाच त्या म्हणत होत्या. काकांच्या जिभेवर आलं होतं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण त्या हसऱ्या चेहऱ्यासमोर कोण घाण टाकणार? जखम भरते आहे, दात येणार, बाईंचं काम टिकणार, सगळ्यांचं भलं होणार, मग उकरून कशाला काढा? काका असा विचार करत जिना उतरले, आणि तो विचार वाईट होता असंही नाही म्हणता येत.

बाराव्या दिवशी दुकान उघडलं. एका नाट्यगृहाच्या एकशेवीस खुर्च्या आल्या होत्या, फिकट राखाडी कापड, आणि मुदत डोक्यावर. काकूंनी खणातला डबा काढून त्यातले खिळे एका स्टीलच्या वाटीत ओतले, वाटी चुंबकावर बसवली आणि ती काकांच्या उजव्या हाताशी ठेवली. एक खिळा उचला, लावा, हातोडी घ्या, मारा. पुन्हा हातोडी ठेवा, खिळा उचला. कापड तोवर सैल पडायचं. ज्या माणसाने मिनिटाला वीस मारले, तो आता चारवर आला होता. एका खुर्चीला अख्खी सकाळ गेली. काका घामाघूम झाले, पण वाटी सोडली नाही. काकू मशीनवरून डोळ्यांत तेल घालून बघत होत्या.

पंधराव्या दिवशी दुपारी काकू घरी गेल्या होत्या, आणि नाट्यगृहाचा व्यवस्थापक दुकानात शिरला. बडबड्या माणूस. ‘काय हो, अजून अकराच झाल्या? आणि तोंडाला काय झालं? दात पाडला कुणी? बायकोने का? बोला की! आज तर बोलता येतंय तुम्हाला!’ काका मान खाली घालून बसले. त्यांना चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाला उत्तर द्यावं लागलं नव्हतं, आणि आता तो माणूस समोर खुर्ची ओढून बसला होता, उत्तराची वाट बघत. काका काहीतरी पुटपुटले. ‘आं? काय म्हणालात?’ त्यांचे कान तापले. व्यवस्थापक आणखी दहा मिनिटं बोलला, उठला, गेला.

तो गेल्यावर काकांच्या लक्षात आलं की आपली खुर्चीची पूर्ण एक बाजू मारून झालीय. ठक, ठक, ठक, पूर्वीसारखी, सरळ. आणि तोंडात अजून अकरा खिळे आहेत.

त्यांनी ते तळहातावर काढले. आरशासमोर जाऊन ओठ वर केला. टोपी जागच्या जागी होती, दुखत नव्हतं, रक्त नव्हतं. आणि मग, आता काय सांगू, त्यांनी बारा-पंधरा खिळे मोजून डाव्या गालात ठेवले. काही झालं नाही ना? मग थोडे. फक्त दुपारी, काकू नसताना. खुर्च्या एकशे नऊ राहिल्या होत्या.

हे पाच दुपारी चाललं. सहाव्या दिवशी सकाळी तोंड धुताना काकांची जीभ टोपीला लागली आणि टोपी सरकली. अगदी केसभर. त्यांनी पुन्हा जीभ लावली, पुन्हा सरकली. आत हाडात खोल कुठेतरी ठणका होता, हलकासा. काका बेसिन धरून उभे राहिले.

दिवसभर त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. खिळे वाटीतून घेतले, भात गिळला, मिठाचं पाणी धरलं. पण संध्याकाळी काकू तयार खुर्च्यांवरून हात फिरवत होत्या, शिवण बसली का ते पाहत. एका खुर्चीशी त्या थांबल्या. काल दुपारची खुर्ची. राखाडी कापडावर, प्रत्येक खिळ्याच्या भोवती, वाळलेल्या पाण्याचा मोहरीएवढा डाग होता. खिळा वाटीतून आला तर कोरडा असतो. तोंडातून आला तरच तो कापड ओलं करतो. चाळीस वर्षं त्या हे डाग ओल्या फडक्याने पुसत आल्या होत्या, त्यांना कोण शिकवणार?

त्यांनी शेजारची खुर्ची पाहिली. तिच्यावरही डाग. तिसरी, चौथी. मग त्या वळल्या.

‘किती दिवस?’

काकांचा हात खिळ्यांच्या वाटीकडे गेला.

‘अहो, मी विचारतेय, किती दिवस? आणि हूं केलंत तर बघा!’

‘पाच,’ काका म्हणाले. ‘आणि... हलतोय.’

काकू मटकन खाली बसल्या. ओरडतील, भांडतील, डोकं बडवून घेतील असं काकांना वाटलं होतं. तळपायाची आग मस्तकाला गेली असती तरी चाललं असतं. पण काकू जमिनीकडे बघत एवढंच म्हणाल्या, ‘ती पोर हसली होती हो त्या दिवशी.’ मग म्हणाल्या, ‘उद्या सकाळी जायचं. आणि या वेळी मी तोंड उघडणार नाही. तुमच्या वाटचं खूप बोलले आयुष्यभर. हे तुमचं तुम्ही बोला.’

दुसऱ्या दिवशी रिक्षातून जाताना काकांनी वाक्य तयार केलं. ‘बाई, मी तोंडात खिळे धरतो.’ पाच शब्द. जिना चढताना तीन वेळा म्हणून पाहिलं. पण खुर्चीत आडवे झाले, दिवा डोळ्यांवर आला, ‘काय झालं काका, अजून तर तारीख नव्हती’ असं बाईंनी हसत विचारलं, आणि पाचही शब्द कुठच्या कुठे पळाले. काकांनी बोटाने दाताची जागा दाखवली आणि तोंड उघडलं.

बाईंनी दोन्ही बाजूंना कापसाच्या वळकट्या ठेवल्या, लाळ ओढायची नळी ओठात अडकवली. मग अवजाराच्या मागच्या टोकाने टोपीवर हलकेच दोन वेळा वाजवलं. काकांनी डोळे मिटले. आतून पोकळ आवाज आला होता, ज्या लाकडात खिळा धरत नाही त्या लाकडातून येतो तसा. बाई काही सांगायच्या आधीच त्यांना कळलं होतं.

बाईंनी पुन्हा वाजवलं. मग चिमट्याने टोपी धरून जरा वळवली, आणि आतला स्क्रू तिच्याबरोबर वळला.

‘नाही,’ बाई म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कुणास ठाऊक. त्यांनी पुन्हा वळवून पाहिलं, जणू पहिल्यांदा चुकीचं दिसलं असावं. मग एक्स-रे काढला. स्क्रूच्या भोवती काळी रेघ होती, पूर्ण गोल. बाई त्या पडद्यासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की काकूंना वाटलं त्यांना घेरी येणार. शेवटी त्यांनी मदतनीस मुलीला सांगितलं, ‘सरांना बोलवा.’

मोठे डॉक्टर आले, पडदा पाहिला, तोंडात पाहिलं. आवाज चढवला नाही. तसे ते सभ्य गृहस्थ. बाईंना जरा बाजूला, हात धुण्याच्या बेसिनपाशी घेतलं आणि हळू बोलू लागले, पण खोली ती केवढी!

‘दोन वेळा, त्याच जागी. हाड चांगलं, पेशंट निरोगी, कुठलं व्यसन नाही. मग राहिलं काय?’

‘हात,’ बाई म्हणाल्या.

‘मला हे बोलायला आवडत नाही. पण उद्यापासून स्क्रूच्या केसेस माझ्याकडे. तुम्ही बाकीचं बघा. पुढच्या वर्षी पाहू.’

‘हो सर.’

काका खुर्चीत आडवे. तोंडात कापूस, ओठात नळी, ती सळसळ लाळ ओढते आहे. कुणी त्यांना काही विचारत नव्हतं. आणि विचारलं असतं तरी अशा तोंडाने कोण बोलणार? त्यांनी डोळे फिरवून दाराकडे पाहिलं. काकू दाराच्या चौकटीत उभ्या होत्या, दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरून. एक शब्द त्या बोलल्या असत्या तर सगळं मिटलं असतं, आणि बोलायला त्या आतुर होत्या. पण त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि काकांकडे नुसतं पाहिलं.

काकांनी नळी उपसली. ती जमिनीवर पडून सापासारखी वळवळली. मग दोन बोटांनी कापसाच्या वळकट्या काढल्या, एक, दोन, उठून बसले, आणि दिव्यावर कपाळ आपटलं.

‘काका, काका, आडवे राहा,’ बाई धावल्या.

‘हात चुकला नाही,’ काका म्हणाले. हनुवटीवर लाळ आणि रक्ताची बारीक रेघ आली होती. ‘डॉक्टर, यांचा हात चुकला नाही. मी सोफ्याचं काम करतो. तोंडात खिळे धरतो. वीस वीस खिळे. इथे, याच जागी, जिभेने ढकलून. टाके निघाल्यावर पुन्हा धरले. पाच दिवस. यांनी सांगितलं होतं जोर देऊ नका, बोट लावू नका. सगळं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही आणि सांगितलंही नाही.’

इतकं एका दमात बोलायची सवय नव्हती, त्यांना धाप लागली. मोठे डॉक्टर आधी त्यांच्याकडे, मग एक्स-रेकडे बघत होते.

‘खिळे?’

‘लोखंडाचे. बारीक. अर्ध्या इंचाचे.’

‘अहो, कमाल करता तुम्ही! संसर्ग झाला असता, एखादा पोटात गेला असता!’ मोठ्या डॉक्टरांना प्रथम संताप आला आणि तो बरोबरच होता. पण मग ते थांबले, बाईंकडे वळले आणि घसा खाकरून म्हणाले, ‘मी मघाशी बोललो ते मागे घेतो. हा स्क्रू तुम्हीच काढा, आणि तुमच्या केसेस तुमच्याकडेच राहतील.’ बाईंनी मान हलवली की नाही ते कळलं नाही. मोठे डॉक्टर क्षणभर घुटमळले आणि बाहेर गेले.

बाई मात्र काकांसमोरून हलल्या नव्हत्या.

‘पहिल्या वेळी?’ त्यांनी विचारलं.

काकांना खाली बघावंसं वाटत होतं. त्यांनी पाहिलं नाही. ‘पहिल्या वेळीसुद्धा. तुम्ही विचारलं होतंत, कडक काही चावलं का. मी नाही म्हणालो.’

‘मी तुमच्यासमोर म्हणाले, माझं चुकलं.’

‘ऐकलं होतं मी.’

‘वर्ष झालं, काका.’ बाईंचा आवाज घट्ट होता, एकेक शब्द चिमट्याने उचलल्यासारखा. ‘वर्षभर ड्रिल हातात घेतलं की मला तुमचा जबडा दिसतो. हाड तापतंय असं वाटतं. मी पाणी जास्त सोडते, मध्येच थांबते, पेशंट विचारतात काय झालं. दोनदा मी राजीनामा लिहिला. तुम्ही फक्त हो म्हणायचं होतं. एवढंच.’

‘हो,’ काका म्हणाले.

बाईंनी त्यांना आडवं केलं, सुई दिली, बधिर झाल्यावर स्क्रू काढला. तो निघायला काही कष्ट पडले नाहीत. तो त्यांनी काचेच्या तबकात ठेवला, खड्डा स्वच्छ केला, दोन टाके घातले. हात अगदी स्थिर होता, शेवटची गाठ मारून दोरा कापेपर्यंत. मग त्या चाकाच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांना रडू फुटलं. आवाज न करता, पण आवरेना. हातमोजे रक्ताने माखलेले, म्हणून दोन्ही हात वर धरलेले, डोळे पुसता येईनात आणि पाणी मास्कच्या आत उतरत होतं.

काका उठू लागले. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा खाली बसवलं, पिशवीतून रुमाल काढला, बाईंचा चष्मा उतरवून कडेला ठेवला, आणि एका हाताने त्यांची हनुवटी धरून आधी एक डोळा पुसला, मग दुसरा.